वहीत नाही ते एआयला कुठून दिसणार?

सर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. चौथीचा वर्ग, पटावर ३४ मुलं, पहिलं सत्र संपत आलंय आणि वर्णनात्मक नोंदी पूर्ण करायच्यात. तुम्ही एआयला मुलांचे गुण आणि आतापर्यंतच्या नोंदी दिल्या आणि सांगितलं, 'या मुलांची दुर्लक्षित राहिलेली बलस्थानं शोधून दे.' आलं काय, तर जवळजवळ सगळ्यांच्या नावापुढे नेतृत्वगुण, सर्जनशीलता आणि सहकार्यवृत्ती. आता तुम्ही विचारताय की सांगण्यात काही चुकलं का, दुसरं एखादं ॲप घ्यावं का, आणि आलेला मजकूर थोडा फिरवून प्रगतिपत्रकात उतरवला तर चालेल का. नोंदवहीचा नमुनाही मागितलाय.

सांगण्यात सुधारणा करता येईल, त्याकडे येते. पण खरी अडचण तिथे नाही. तुम्ही एआयला जे दिलंत त्यात मुलं नव्हतीच.

नमुन्यादाखल तुम्ही तीन मुलांच्या नोंदी दिल्यात. 'कथा, कविता लक्षपूर्वक ऐकतो.' 'प्रकटवाचन स्पष्ट उच्चारात करतो.' 'वडीलधाऱ्यांचा आदर करते.' रागावू नका, पण ही वाक्यं मला पाठ आहेत. ती तुमची नाहीत आणि माझीही नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'नमुना नोंदी'च्या पीडीएफमधली आहेत. मी स्वतः कित्येक वर्षं त्यातूनच उतरवली. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, एका बैठकीत, मुलगा असेल तर 'करतो', मुलगी असेल तर 'करते'. एकदा एका मुलीच्या पानावर 'करतो' राहून गेलं आणि तपासणीत नेमकं तेवढंच सापडलं. बाकी सगळं ठीक होतं म्हणे.

मी २२ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवते, त्यातली बरीचशी बीडच्या ऊसतोडीच्या पट्ट्यात. गेली दोन वर्षं नोंदींसाठी एआय वापरून पाहतेय. त्याचा उपयोग होतो, पण आपण सगळे आधी ज्यासाठी वापरायला जातो त्यासाठी होत नाही.

एआय मूल पाहत नाही, शब्द पाहतं. आधीच्या शब्दांपुढे कोणते शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशोबावर त्याचं लिखाण चालतं. 'चौथीतला विद्यार्थी, ऐकतो, वाचतो, आदर करतो' एवढंच हाती असेल तर पुढे तेच येणार जे हजारो प्रगतिपत्रकांत येतं. म्हणजे सरासरी मुलाचं कौतुक. आणि दुर्लक्षित राहिलेलं बलस्थान तर सरासरीत न बसणारंच असतं, म्हणून तर ते दुर्लक्षित राहतं. गेल्या वर्षी मी एक गंमत केली. पटावर नसलेल्या, मुळात जन्मालाच न आलेल्या एका मुलाच्या म्हणून पीडीएफमधल्या सहा नोंदी दिल्या. त्याचीही बलस्थानं आली. त्याच्यात 'समस्या सोडवण्याची उपजत क्षमता' होती. त्या दिवसापासून मी एआयच्या कौतुकावर विसंबणं सोडलं.

तुम्ही म्हणाल, मग गुण तरी देतोच ना आपण. देतो, पण त्यांचंही तसंच आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा तिसरी-चौथीसाठी आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्याला, ६० टक्के आणि संकलितला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला, ४० टक्के भार ठरला. पहिली-दुसरीला तर ७० आणि ३०. म्हणजे लहान वर्गांत निम्म्याहून जास्त गुण आपल्या डोळ्यांवर अवलंबून. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधनं दिली होती. त्यातलं पहिलंच साधन निरीक्षणाचं. प्रत्यक्षात आपण काय करतो? लेखी चाचणीत मुलाला किती पडले ते आधी बघतो आणि बाकीचे रकाने त्याच्या आसपास भरतो. लेखीत हुशार तो तोंडीतही हुशार, प्रकल्पातही हुशार, स्वच्छतेतही हुशार. थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेले शेरे तपासले तेव्हा हेच दिसलं होतं. एका बाबतीत चांगला वाटलेला माणूस त्यांना सगळ्याच बाबतींत चांगला वाटत होता. आपणही वर्गात तेच करतो आणि मग ते आकडे एआयला देऊन म्हणतो, यात लपलेलं काही सापडतंय का बघ. लपलेलं आपणच पुसून टाकलेलं असतं.

तेव्हा आधी वहीचं बोलू. मी दिवसाला तीन मुलं ठरवते. त्या दिवशी त्या तिघांकडे मुद्दाम लक्ष, आणि शाळा सुटायच्या आत प्रत्येकाची एक-दोन ओळींची नोंद. तुमच्या ३४ मुलांना हा फेरा अकरा-बारा दिवसांत पूर्ण होईल आणि सत्रभरात प्रत्येकाच्या सात-आठ नोंदी जमतील. जास्त वाटतं, पण दिवसाला पाच-सात मिनिटांचं काम आहे. नियम एकच, नोंदीत क्रियापद हवं आणि विशेषण नको. 'हुशार आहे', 'शांत आहे', 'मदत करण्याची वृत्ती आहे' हे लिहायचं नाही. काय केलं, कुठे केलं, कुणाबरोबर केलं, ते लिहायचं. लिहायला वेळ नसेल तर मोबाईलवर बोलून ठेवा, मराठी बोललेलं टाइप करणाऱ्या सोयी आता बऱ्यापैकी चालतात. माझं बोलणं मात्र त्यांना अर्धंच कळतं, कारण नोंद सांगताना मी वर्गाच्या भाषेत नाही, घरच्या भाषेत बोलते.

अशा नोंदी जमल्या की एआयचं काम सुरू होतं. एक उदाहरण सांगते.

माझ्या चौथीत एक मुलगा होता. त्याच्या वहीतल्या चार नोंदी अशा. ४ जुलै, कबड्डीला दोन संघ पाडताना भांडण झालं, याने जड आणि हलकी पोरं मोजून दोन्ही बाजू सारख्या केल्या. २३ जुलै, खिचडी वाटताना पहिलीच्या रांगेला किती ताटं कमी पडणार ते आधीच येऊन सांगितलं. ८ ऑगस्ट, भागाकाराची पाच उदाहरणं दिली, एक बरोबर. २९ ऑगस्ट, रंगीत कागद गटांत वाटायला दिले, उरलेले दोन कागद कुणाला द्यायचे यावरून गटाशी वाद घातला आणि अर्धे कापून दिले. या चारही नोंदी माझ्याच हातच्या. पण त्या दोन महिन्यांत विखुरलेल्या आणि मध्ये बाकीच्या मुलांच्या शेकडो ओळी. माझ्या डोक्यात तो 'गणितात कच्चा, पण कामाला चांगला' एवढाच होता. एआयला चारही एकत्र दिल्यावर ते म्हणालं, या मुलाला समान वाटणीची पक्की समज दिसते, तीन नोंदी त्याच्याच आहेत, आणि चौथी नोंद म्हणजे तीच गोष्ट कागदावर जमत नाही. माझ्या वहीत होतं, मला दिसलं नव्हतं.

पण तेवढ्यावर मी लिहून टाकलं नाही. एआयने सुचवलेलं बलस्थान म्हणजे शक्यता. ते वर्गात तपासून घ्यावं लागतं. मी त्याला भांडाराच्या खोलीत नेलं आणि विचारलं, 'आज ३२ जण हजर आहेत. एकाला शंभर ग्रॅम तांदूळ. हे पन्नास किलोचं पोतं किती दिवस जाईल?' पाचवीपर्यंतच्या मुलाला शालेय पोषण आहारात रोजचे १०० ग्रॅमच धान्य धरलेलं असतं, त्यामुळे प्रश्न काही खोटा नव्हता. तो थोडा वेळ पोत्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'पाच दिवसाला सोळा किलो जातात बाई. म्हणजे पंधरा दिवसाला अठ्ठेचाळीस. दोन किलो उरतात.' तीन किलो दोनशेने पन्नासला भागायला दिलं असतं तर त्याने पाटी खाली ठेवली असती. प्रगतिपत्रकात मी लिहिलं, 'वाटणीचे हिशोब स्वतःच्या पद्धतीने तोंडी अचूक करतो. तीच पद्धत कागदावर मांडण्याचा सराव चालू आहे.' आधीच्या वर्षी त्याच्या 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात होतं, 'गणिताकडे लक्ष देणे'.

हा रकाना आला म्हणून सांगते. आपल्या प्रगतिपत्रकात 'विशेष प्रगती', 'आवड-छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' असे तीन रकाने असतात. बलस्थानं शोधायला सगळे पहिल्या दोन रकान्यांत शिरतात. मला जास्त वेळा तिसऱ्यात सापडली. तक्रार लिहिताना आपण तयार वाक्यं वापरत नाही. राग आलेला असतो, म्हणून खरं काय घडलं ते लिहितो. 'मध्येच प्रश्न विचारून व्यत्यय आणतो.' 'स्वतःचं सोडून दुसऱ्याचं करत बसते.' 'सांगितलेल्या रीतीने गणित करत नाही, आपलंच काहीतरी करतो.' सर, शेवटचं वाक्य परत वाचा.

एका मुलीबद्दल माझ्या वहीत होतं, 'बोलताना अडखळते, मध्येच बोलीभाषेतले शब्द येतात.' ती तांड्यावरची, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारांची भाषा बोलणारी. त्याच मुलीची दीड महिन्यानंतरची नोंद होती, 'पहिलीत नव्याने आलेल्या दोन मुलांना मी काय म्हणते ते समजावून सांगितलं.' मी दोन्ही ओळी वेगवेगळ्या रकान्यांत टाकल्या होत्या, पहिली दोषात आणि दुसरी मदतीच्या वृत्तीत. एआयने विचारलं, ही मुलगी दोन भाषांमध्ये दुभाषाचं काम करतेय का? करत होतीच. नुसता शब्दाला शब्दही देत नव्हती. माझं 'ओळीने उभे राहा' तिने त्यांना कसं सांगितलं ते मी नंतर मुद्दाम ऐकलं. तिने सांगितलं नाही, आधी स्वतः उभी राहिली आणि मग सांगितलं. अडखळणं होतं ते एका भाषेतून दुसरीत जातानाचं होतं.

लगेच एक सावधगिरीही सांगते, कारण याच बाबतीत एआयचा भरवसा कमी. तुम्ही मुलाचं लिखाण जसंच्या तसं दिलंत आणि त्यात अहिराणी, वऱ्हाडी किंवा आमच्याकडचं 'व्हतं', 'म्या', 'तिथं गेल्तो' असं काही असलं, तर एआय त्याला चुका म्हणून मोजायला लागतं. पुस्तकी मराठी त्याने भरपूर वाचलंय, तांड्यावरचं आणि वस्तीवरचं बोलणं फार कमी. मी आता आधीच सांगते, 'बोलीतले शब्द चूक धरू नकोस. आशयाबद्दल बोल.' तरीही दहातून दोनदा तरी ते शुद्धलेखनाकडे घसरतंच.

आता तुम्हाला हवं होतं ते, म्हणजे मी नेमकं काय सांगते. माझा मजकूर साधारण असा असतो. 'खाली एका विद्यार्थ्याच्या तारखेसह नोंदी आहेत. यात काही क्षमता पुन्हा पुन्हा दिसतात का ते पाहा. प्रत्येक क्षमतेसाठी किमान दोन वेगळ्या तारखांच्या नोंदी जशाच्या तशा दाखव. नोंदीत नाही ते लिहू नकोस. विशेषणं वापरू नकोस. पुरावा कमी असेल तर पुरावा अपुरा असं लिही. त्या नोंदींचा दुसरा काही अर्थ निघत असेल तर तोही सांग. शेवटी, खात्री करण्यासाठी मी वर्गात काय पाहावं याचे तीन प्रश्न दे.' प्रगतिपत्रकाचं वाक्य मी त्याच्याकडून मागतच नाही. यात सगळ्यात कामाची ओळ 'पुरावा अपुरा' ही आहे. ती दिली नाही तर ते रिकाम्या जागा गोड बोलून भरतं. ती दिल्यावर पहिल्याच फेरीत माझ्या ३० मुलांपैकी ११ जणांपुढे 'पुरावा अपुरा' आलं. वाईट वाटलं. मग त्या अकरांची यादी घेऊन वर्गात गेले आणि बघितलं तर सात जण मागच्या दोन रांगांतले.

ही यादी म्हणजे मला एआयकडून मिळालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट. ती मुलांबद्दल नव्हती, माझ्याबद्दल होती. तेव्हापासून मी सत्राच्या मध्यावर सगळ्या वर्गाच्या नोंदी एकत्र देऊन विचारते, माझ्या नोंदींत कुणाबद्दल काय येत नाही? एकदा त्यातून निघालं की मुलींच्या नोंदींत नीटनेटकेपणा, अक्षर आणि मदत, तर मुलांच्या नोंदींत प्रश्न, खेळ आणि भांडण. माझ्या वर्गातल्या मुली प्रश्न विचारत नव्हत्या असं नाही. त्यांनी विचारला की मी उत्तर देत होते, मुलांनी विचारला की लिहून ठेवत होते. मात्र किती नोंदी, किती वेळा, हे आकडे एआयकडून घेऊ नका. मोजणीत ते बिनदिक्कत चुकतं आणि चुकलेला आकडाही ठामपणे सांगतं. नोंदी एक्सेलमध्ये असतील तर तिथे मोजा, नाहीतर पेन्सिलने रेघा मारा.

घरच्या माहितीचं काय करायचं, हा मला अजूनही पूर्ण न सुटलेला भाग. सुरुवातीला मी पालकांचा व्यवसायही देत होते, वाटलं संदर्भ मिळेल. एका मुलाबद्दल उत्तर आलं, 'शारीरिक श्रमाची आवड व सहनशक्ती.' त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात एवढंच मी लिहिलं होतं. त्या मुलाने वर्गात श्रमाचं काहीही केलेलं नव्हतं, तो दिवसभर चित्रं काढायचा. यंत्राला नावं ठेवण्याआधी मी आमच्या शाळेची जुनी प्रगतिपत्रकं काढून पाहिली. त्यातही अशा घरांतल्या मुलांच्या 'आवड-छंद' रकान्यात खेळ आणि हस्तकला, नोकरदारांच्या मुलांच्या रकान्यात वाचन आणि बुद्धिबळ. आम्ही माणसंच हे करत आलो, एआयने ते आमच्याकडूनच उचललं असणार. तेव्हापासून व्यवसाय, जात, वस्तीचं नाव, घरची परिस्थिती यातलं काही देत नाही. मुलाने स्वतः काय केलं तेवढंच देते. घरी केलेलं असेल तरी चालेल, पण ते त्याने केलेलं हवं.

यात दुसरी गोची होते. आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर कोयते निघतात. वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर कारखान्यावर जातात, काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहतात, आणि गेलेली परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये. दुसऱ्या सत्रात त्यांची पानं कोरी. कोऱ्या पानातून एआय 'अनियमित' एवढंच काढतं, आणि हजेरीपत्रकावरून आपणही तेच काढतो. अशा मुलाबद्दल काही कळायचं असेल तर विचारावंच लागतं. मागे एकदा हंगाम संपल्यावर एक आई पोराला सोडायला आली होती. मी विचारलं, 'तिकडं दिवसभर काय करत होता हा?' ती म्हणाली, 'काय करणार बाई, धाकटीला सांभाळायचा. आन गाडी भरली की मुकादमाच्या आधी सांगायचा किती टन भरंल.' मी म्हटलं, 'बरोबर यायचं?' 'वजनकाट्यावर जाऊन आल्यावर बघायचे ना सगळे. जवळपास यायचं.' ही ओळ तारीख घालून वहीत गेली. अंदाज, मोजमाप, पडताळा, सगळं त्यात आहे. मुलाला कामाला लावलं याचं कौतुक करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. त्याने शाळेतच असायला हवं होतं. पण पाच महिने तो काहीच शिकला नाही असं लिहिणंही खोटं आहे.

मुलांकडून कळणारी माहिती तर आपण वापरतच नाही. आठ साधनांत शेवटचं 'इतर' आहे ना, त्यात सहाध्यायी मूल्यमापन आणि स्वयंमूल्यमापन २०१० पासून आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही समग्र प्रगतिपत्रकात या दोन्ही गोष्टी असाव्यात असं म्हटलंय. मी महिन्यातून एकदा प्रत्येकाला एक चिठ्ठी देते, 'आपल्या वर्गात कुणाला असं काय येतं जे बाईंना माहीत नाही?' पहिल्या वेळी नुसता दंगा झाला. दुसऱ्या वेळेपासून चिठ्ठ्या बोलायला लागल्या. 'तिला सगळ्यांच्या चपला ओळखता येतात.' 'तो रडणाऱ्याला हसवतो, पण तुम्ही आल्यावर गप बसतो.' 'त्याला सायकलची साखळी बसवता येते, पाचवीच्या पोरांची पण बसवतो.' या चिठ्ठ्या मी नावं काढून, बाकीच्या नोंदींबरोबर एआयला देते. ज्या मुलांपुढे 'पुरावा अपुरा' आलं होतं त्यांची पानं बहुतेक यातूनच भरली.

नावं काढून, असं म्हटलं ते हलक्यात घेऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा त्यातला मुख्य मुद्दा आहे. शाळांना काय लागू, काय सूट, यावर मी वकिली करणार नाही. मी माझ्यापुरतं असं ठरवलंय की मुलाचं नाव, आडनाव, गाव, आधार किंवा सरलचा (शाळांच्या ऑनलाइन नोंदणीतला) क्रमांक, फोटो, आजारपण यातलं काहीही माझ्या मोबाईलमधून बाहेर जाणार नाही. हजेरी क्रमांकही देत नाही, वेगळी खूण देते, आणि खुणेची यादी वहीच्या मागच्या पानावर हाताने लिहिलेली असते. मोफतच्या खात्यात आपलं बोलणं एआयच्या पुढच्या प्रशिक्षणाला न वापरण्याची सोय बहुतेक ठिकाणी सेटिंगमध्ये असते, ती आधी बंद-चालू बघून घ्या. आणि मुख्याध्यापकांना सांगून करा. लपून करण्यासारखं यात काही नाही, पण नंतर कळलं तर उगाच संशय येतो.

एका ठिकाणी मी एआयला अजिबात शिरू देत नाही. नोंदी वाचून ते कधी कधी 'वाचनअक्षमता असू शकते' किंवा 'लक्ष केंद्रित न होण्याचा विकार' असं सुचवतं. तसं काही वाटलं तर गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी बोला. एआयचा शब्द नोंदीत तर नकोच, पालकांपुढे तोंडातूनही निघायला नको.

'नेतृत्वगुण' हा शब्दही मी आता कापतेच. मोठ्याने बोलणाऱ्या प्रत्येक पोरात एआयला नेता दिसतो.

तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगते. तुमची शाळा द्विशिक्षकी असती आणि वर्गात १२ मुलं असती, तर मी म्हटलं असतं, एआय सोडा, दुसऱ्या शिक्षकांबरोबर चहा घेत एकेका मुलावर बोला. बारा मुलांच्या नोंदी माणसाच्या डोक्यात मावतात. ३४ मावत नाहीत. पहिली-दुसरीला मुलं लिहीत कमी आणि करतात जास्त, तिथे फक्त निरीक्षण आणि चिठ्ठीऐवजी तोंडी विचारणं. चौथीला तुम्ही मुलांच्या वहीतले दोन-चार परिच्छेदही देऊ शकता. आणि या सत्राला आता उशीर झालाय हे खरं आहे. उरलेल्या दिवसांत ३४ मुलांचं सगळं होणार नाही. आधी गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या 'सुधारणा आवश्यक' रकान्यांतल्या ओळी एकत्र द्या आणि विचारा, यातली कोणती तक्रार एखाद्या क्षमतेची खूण असू शकते आणि ते ठरवायला मी काय बघू. मग ज्यांच्याबद्दल तुम्हाला एकही प्रसंग आठवत नाही अशी सहा-सात मुलं निवडा आणि उरलेले दिवस फक्त त्यांच्याकडे बघा. बाकीच्यांची पानं यंदा साधीच राहू द्या.

दुसरं ॲप घ्यावं का, तर आत्ता नको. २०२० च्या धोरणात मुलांच्या प्रगतीचा माग ठेवायला एआयवर चालणारी सॉफ्टवेअर तयार करता येतील असा उल्लेख आहे, त्यामुळे अशा वस्तू विकायला येणारे वाढत जाणार. ते आले की मी एकच विचारते, 'पटावर नसलेल्या मुलाची माहिती भरली तर तुमचं ॲप काय सांगतं?'

आणि मजकूर फिरवून उतरवायचं म्हणाल, तर ते करू नका. खाली सही तुमची असते हे एक कारण. दुसरं म्हणजे ते पालकांना कळत नाही. मी एकदा एआयचं वाक्य तसंच ठेवलं होतं, 'विद्यार्थ्याची आकलनक्षमता प्रशंसनीय असून तो उत्तरोत्तर प्रगती करीत आहे.' वडिलांनी थोरल्या मुलीकडून ते वाचून घेतलं, तिने दोनदा वाचलं, आणि मग त्यांनी मला विचारलं, 'म्हंजी पास हाय ना?' आता वाक्य लिहून झालं की मी ते त्या पालकांसमोर उभी राहून बोलतेय असं मनात आणते. तोंडात बसत नसेल तर बदलते. तांदळाच्या पोत्याचं वाक्य मी त्या मुलाच्या आईला प्रत्यक्ष सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, 'घरी बी असंच करतंय, बाजारात मला फसू देत नाही.' तीही ओळ वहीत आहे.

वहीचा नमुना विचारला होता तुम्ही. छापील असं माझ्याकडे काही नाही. शंभर पानी साधी वही, दर मुलाला समोरासमोरची दोन पानं, डाव्या पानावर मी पाहिलेलं आणि उजव्या पानावर इतरांनी सांगितलेलं. तुमच्या ३४ मुलांना ६८ पानं लागतील. उरलेल्यातली थोडी कोरी सोडा. मार्चमध्ये परत येणाऱ्यांना जागा लागते, आणि मध्येच नवीन दाखल होणारा एखादा असतोच.